जात्यावर बसल्यावर

‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण आपण बहुतेक वेळा सल्ला म्हणून वापरतो. नवा धंदा सुरू करायला कचरणाऱ्या भाच्याला किंवा प्रबंधाचे पहिले पान महिनोन्महिने टाळणाऱ्या मैत्रिणीला ती ऐकवायची आणि ‘तू सुरुवात तर कर, पुढचे जमेल’ एवढाच तिचा अर्थ घ्यायचा, अशी रीत आहे. मात्र ज्या बाईच्या तोंडून ती पहिल्यांदा निघाली असेल तिच्या बाजूने पाहिले, तर म्हणीत याहून बरेच काही आहे. ती बाई पहाटेच्या अंधारात उठते ती गाण्यासाठी नव्हे. घरातल्या माणसांना भाकरी हवी, भाकरीला पीठ हवे आणि पीठ दुसरे कोणी दळून देणार नाही, म्हणून ती उठते. तुला उठावेसे वाटते का, असे तिला कोणी विचारलेले नसते. आधी प्रेरणा आणि मग काम, या आपल्या लाडक्या क्रमाला तिच्या घरात जागाच नाही. काम आधीच ठरलेले आहे आणि ओवी त्याच्या मागून, जमले तर, येते.

‘जमले तर’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. कष्टातून आपोआप कला जन्मते, असे मला वाटत नाही. विहिरीवरून पाणी वाहून आणणे, सरपण गोळा करणे, शेणगोठा करणे ही कामेही त्याच बायकांची होती आणि तीही रोजची होती, पण जात्याभोवती जेवढे गाणे जमले तेवढे त्यांच्याभोवती जमले नाही. याचे कारण कष्टाच्या प्रमाणात शोधून सापडणार नाही. जात्याच्या रचनेत ते सापडेल असे मला वाटते. खालचा दगड पक्का, वरचा खुंट्याने फिरणारा. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने मधल्या तोंडात दाण्यांचा घास टाकायचा. बसण्याची जागा ठरलेली, हाताचा फेरा ठरलेला, आणि काम असे की ते अंगवळणी पडल्यावर डोळ्यांची फारशी गरज उरत नाही. म्हणजे बाईचे दोन्ही हात, पाठ, कंबर सगळे अडकलेले आहे. मोकळे आहे ते तोंड आणि मोकळे आहे ते मन. त्यात वरचा दगड स्वतःची घरघर धरून ठेवतो, त्यामुळे सूरही आयता आणि लयही आयती. शिवाय ही वेळ अशी की घरातले पुरुष आणि वडीलधारी माणसे झोपलेली असतात आणि जात्याच्या आवाजात सुनेने काय म्हटले ते पलीकडच्या खोलीत नीटसे ऐकू जात नाही. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, न आलेल्या भावाबद्दल जे दिवसा बोलता येत नाही ते बोलायला दिवसाच्या चोवीस तासांत एवढीच एक फट होती.

ही फट फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे इसवी सन 1290 ची. तेव्हा नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा तो प्रचंड ग्रंथ उभा राहिला, त्याच्या आधीच हा छंद बायकांच्या तोंडी रुळलेला होता. मराठीतल्या सर्वांत मोठ्या तत्त्वचिंतनाने आपले वाहन उखळ-जात्यापासून उचलले, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण तिच्यावर पुरेसे थांबत नाही. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची झाली, तिला पंडितांचे कान मिळाले. जात्यावरची ओवी मात्र दोन ओळींचीच राहिली, कारण तिला त्याहून मोठे होणे परवडणारे नव्हते.

परवडणारे का नव्हते, हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी नोकरी सोडली. मी लिहिणारी बाई. मोठे लेख लिहायची सवय, त्यासाठी सलग दोन-तीन तास लागायचे आणि ते मिळत होते तोवर त्यांची किंमत मला कळली नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दोन तास हा काळ कागदावर पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात त्यात भरवणे असते, औषधे असतात, चादर बदलणे असते, भेटायला आलेल्यांचा चहा असतो आणि उरलेल्या वेळात कान त्यांच्या खोलीकडे लागलेला असतो. पहिले कित्येक महिने मी काहीच लिहिले नाही आणि लोक मला धीर देण्यासाठी जी प्रेरणादायी भाषणे मोबाइलवर पाठवत होते ती ऐकून माझे मन आणखीच मिटत गेले. त्या भाषणांतला माणूस नेहमी डोंगर चढत असतो. मला डोंगर चढायचा नव्हता, मला रात्री तीनला पुन्हा उठायचे होते.

सुचायला लागले ते रात्रीच. खोलीत दिवा लावता येत नसे, कारण त्यांची झोप फार सावध होती. त्यांना कुशीवर वळवून, पाठीला उशी लावून, त्यांचा श्वास संथ होईपर्यंत मी तिथेच बसून राहत असे आणि त्या वेळात डोक्यात ओळी यायच्या. पण कागद नाही, उजेड नाही, मोबाइल उघडला की त्याचा प्रकाश त्यांच्या तोंडावर. म्हणजे सकाळपर्यंत जे डोक्यात टिकेल तेवढेच माझे. गद्य टिकत नव्हते. चांगले साधलेले लांब वाक्य सकाळी आठवायला जावे तर त्याचा फक्त आशय हाती लागायचा, वाक्य गेलेले असायचे. दोन ओळी, त्यांच्या शेवटी यमक आणि मध्ये एक ठोका असला की मात्र ते जसेच्या तसे सकाळी भेटायचे. त्या दिवसांतली एक सांगते. फार मोठी नाही, पण माझी आहे:

रात्रीच्या दोन वाजता कूस बदलते आईची
खिडकीशी थांबलेली रात माझ्याच गं वयाची

ते ‘गं’ कुठून आले हे मला तेव्हा कळले नाही. मी शहरात वाढलेली, बोलण्यात मैत्रिणीला ‘गं’ म्हणते पण लिहिताना कधी म्हणत नाही. नंतर लक्षात आले की ओळीत एक ठोका कमी पडत होता आणि तो भरायला जिभेला जुनीच सोय सापडली. जात्यावरच्या ओव्यांत ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे जे शब्द पुन्हापुन्हा येतात त्यांना आपण अलंकार किंवा भाबडेपणा समजतो. त्यांचे काम वेगळे आहे. यमक, ठरलेली सुरुवात, ठरलेले संबोधन हे सगळे ज्या बाईकडे पाटी-पेन्सिल नाही तिचे गाठोडे आहे. न सांडता एका पहाटेकडून दुसऱ्या पहाटेकडे न्यायची ती सोय आहे. आपण ज्याला ओवीचा आकार म्हणतो तो अक्षरओळख नाकारली गेल्याचा थेट परिणाम आहे आणि तरीही तो सुंदर आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणे मला कठीण जाते, पण त्यातली कोणतीही एक सोडली तर उरलेली खोटी वाटते.

जनाबाईंच्या अभंगांकडेही मी त्याच काळात नव्याने वळले. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनाबाईंसोबत विठ्ठल दळायला बसतो, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो आणि भक्तीचा महिमा म्हणून मान डोलावतो. पण जाते हे शक्य तर जोडीने ओढायचे असते. माय-लेकी, जावा-जावा, नणंद-भावजय समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचे हात असतात, एकीने ओळ काढली की दुसरी ती उचलते. दासीच्या समोर कोण बसणार? ना माहेर, ना जाऊ, ना नणंद. तिच्या जात्याची पलीकडची बाजू रिकामी आहे आणि तिच्या कल्पनेने देवाला नेमके त्या रिकाम्या जागी आणून बसवले आहे. देवळात नाही, सिंहासनावर नाही. खुंट्याला दुसरा हात हवा होता तिथे. मला हे वाचन शास्त्रशुद्ध आहे असे म्हणायचे नाही. परंतु रात्रीच्या वेळी एकटीने एका जड देहाला कुशीवर वळवताना, पलीकडून कोणीतरी हात लावावा असे मला इतक्यांदा वाटले आहे की त्या अभंगांतला विठ्ठल मला चमत्कार वाटेनासा झाला आहे.

आणि मग बहिणाबाई. मर्यादा आणि निर्मिती हा विषय मराठीत निघाला की त्यांचे नाव घेतल्याशिवाय कोणी पुढे जात नाही आणि ते योग्यच आहे. 1880 साली जळगावजवळच्या असोद्यात जन्म, लहान वयात लग्न, तिशीच्या सुमारास वैधव्य, आयुष्यभर शेती आणि संसार, अक्षरओळख नाही. जात्याला खानदेशात घरोट म्हणतात; घरोटाला उद्देशून बहिणाबाईंची एक कविता आहे आणि तिच्यात त्या म्हणतात की जसे तुझ्यातून पीठ पडते तसे माझे गाणे पोटातून ओठांवर येते. काव्यनिर्मितीबद्दल इतके रोखठोक विधान मराठीत क्वचितच कोणी केले असेल. या ओळींत प्रतिभेचा वारा नाही, सरस्वतीचा प्रसाद नाही. दाणे टाकले, दगड फिरवला, पीठ पडले. प्रेरणा हा शब्दही त्यांना इथे लागला नाही.

पण बहिणाबाईंची गोष्ट आपण ज्या तऱ्हेने सांगतो ती मला खटकते. ‘लिहिता-वाचता येत नसूनही’ असे म्हणताना आपला सूर असा लागतो की जणू न येण्यानेच ती कविता दिली. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली याचे कारण त्यांच्या घरात लिहिणारे हात होते. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि पितांबर चौधरी या नातलगाने ऐकलेले टिपून ठेवले. 1951 साली बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या कानी पडली आणि 1952 साली पुस्तक निघाले. त्यांनी रचलेले पुष्कळसे काही टिपले न गेल्यामुळे कायमचे गेले. त्यांच्याच गावात, शेजारच्या घरात, मुलगा कवी नसलेली आणखी एखादी बहिणाबाई असेल तर तिचे काय झाले हे आपल्याला कधीही कळणार नाही. मर्यादेतून फुललेल्या प्रतिभेच्या सगळ्या कथा वाचलेल्यांच्याच असतात. बुडालेल्यांकडे कथा सांगायला कोणी नसते.

या बाबतीत मला मुक्ता साळवे यांचे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते आणि ते या विषयावर बोलताना कोणी का काढत नाही याचे आश्चर्यही वाटते. मातंग समाजातली ही मुलगी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकली आणि 1855 साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बहिणाबाईंच्या जन्माच्या 25 वर्षे आधीची ही गोष्ट. शाळेची अवघी काही वर्षे मिळाली आणि त्या मुलीने धर्माला, पेशवाईला, पोटभरू पंडितांना थेट जाब विचारला. तिथे मर्यादेने काही घडवले नाही. मर्यादा थोडीशी हटली आणि जे आत दाटलेले होते ते वाक्यांत उतरले. ज्यांच्या हातात दुसऱ्याची मर्यादा हटवणे आहे त्यांनी ‘मर्यादाच माणसाला घडवते’ हे वाक्य उच्चारू नये, असे माझे मत आहे. सून दिवसरात्र घरात अडकलेली असताना ‘तुझे बरे आहे, तुला लिहायला विषय मिळतो’ असे म्हणणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांना चहा दिला आणि पुढच्या वेळी कूस बदलायला हात लावायला बोलावले. एक-दोघांनी लावलाही.

तेव्हा अडचण किती मोठी होती यापेक्षा अडचणीने काय मोकळे सोडले होते, हा प्रश्न मला अधिक उपयोगाचा वाटू लागला. जात्याने हात बांधले आणि तोंड सोडले. तुरुंगाचे गणित नेमके उलटे. लोकमान्य टिळकांना 1908 साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले गेले. ज्या माणसाचा दिवस सभा, अग्रलेख, खटले आणि माणसांच्या गराड्यात जात असे त्याच्याकडून सगळे काही काढून घेतले गेले आणि वेळ तेवढा उरला. ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथे 1910-11 च्या हिवाळ्यात काही महिन्यांत लिहिले, तेही शिसपेन्सिलीने, कारण शाई मिळत नव्हती. त्यातला विचार त्यांच्या मनात कितीतरी वर्षे घोळत होता. बाहेर असते तर तो घोळतच राहिला असता असे मानायला जागा आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’सुद्धा 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून झाली. मात्र तुरुंगातल्या या लेखकांनी बाहेरून येताना वाचलेले, पाठ केलेले, जगलेले असे पुष्कळ सोबत आणले होते. कोठडीने त्यांना वेळ दिला. त्या वेळात घालायचे दाणे त्यांचे स्वतःचे होते. जात्यावरच्या बाईकडे वेळ नव्हता आणि तिचे दाणेही त्याच गावाचे, त्याच घराचे होते. म्हणून तिच्या ओव्यांत तोच भाऊ, तेच माहेर, तीच सीता पुन्हापुन्हा येते आणि म्हणूनच एखाद्या ओळीत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की तो इतका लखकन दिसतो.

गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि ही सगळी व्यवस्था एका पिढीत संपली. तिच्याबद्दल हळहळणारे लेख मी वाचले आहेत, त्यातले बहुतेक अशा माणसांनी लिहिले आहेत ज्यांनी कधी पायलीभर ज्वारी दळलेली नाही. माझ्या चुलत आजीला एकदा मी विचारले होते की गिरणी आल्यावर ओव्या गेल्या याचे वाईट वाटले का. ती म्हणाली, ‘अगं, खांदे राहिले ना.’ त्यापुढे मला काही विचारण्यासारखे उरले नाही. तिला ओव्या म्हणून दाखव म्हटले की आठवत नसत. दोन-चार शब्द म्हणून ती थांबायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. पण माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात, हळद दळण्याच्या विधीसाठी मांडवात जाते मांडले आणि सवाष्णींबरोबर तिनेही खुंट्याला हात लावला, तेव्हा दोन-तीन फेऱ्यांतच तिच्या तोंडून ओळी येऊ लागल्या, आणि हळद संपली तरी थांबेनात. स्मृती तिच्या डोक्यात नव्हती, दंडात होती. म्हणीचा शब्दशः अर्थ मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला, असे म्हणायला हरकत नाही.

अशा ओव्या मोठ्या प्रमाणावर ज्यांनी जपून ठेवल्या त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह 1980 च्या दशकापासून खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे त्यातल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या आणि आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्यांच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. नावागावासकट हे महत्त्वाचे, कारण ‘लोकगीत’ म्हटले की आपण रचणारीचे नाव विचारायचे विसरतो. सासूबाईंच्या खोलीत बसून मी त्या हळू आवाजात ऐकत असे. त्यांना ते चालत असे. एका बाजूचे ओठ हलायचे, काय म्हणत होत्या ते कळायचे नाही.

त्या संग्रहातल्या ज्या ओव्यांनी मला सर्वांत जास्त धरून ठेवले त्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीतल्या बायकांच्या, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या. ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ असा क्रम धरून एकेक ओवी एकेका देवाला वाहायची ही जात्यावरची फार जुनी रीत. हा साचा इतका ठरलेला आहे की त्यात नवीन काही करायला जागाच नाही असे वाटावे. या बायकांनी साचा मोडला नाही. क्रम तोच, संबोधन तेच, चाल तीच. फक्त ज्या जागी देव असायचे त्या जागी भीमराव आले, बुद्ध आले. परंपरेने त्यांना देव नाकारले म्हणून देऊळ पेटवण्याची गरज पडली नाही, कारण देवांची जागा ओळीत होती आणि ओळ त्यांच्या स्वतःच्या तोंडात होती. धर्मांतरावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत आणि ते वाचलेच पाहिजेत, पण ते धर्मांतर पहाटेच्या दळणापर्यंत कसे पोहोचले हे मला या ओव्यांतूनच कळले. ध्वनिमुद्रण झाले 1990 च्या दशकात. त्या वस्तीत तोवर गिरणीचेच पीठ येत असणार. तरीही आवाज इतके भरदार आहेत की ओवी आज पहाटेच सुचली असावी असे वाटते, आणि एकीची ओळ संपायच्या आत दुसरी ती हिसकावून पुढे नेते.